कोडमधले मोठे आकडे: शून्यं मोजत बसायचं की लाख-कोटीत तोडून लिहायचं?

मांजराकाठ

लातूरला डिप्लोमाच्या आणि अकरावी-बारावीच्या लेकरांना मी सुट्टीत पायथन शिकवते. उदाहरणं पुस्तकातली नको म्हणून यंदा गावाच्या पाण्याचा ताळेबंद घेतलाय. हिशेब सगळ्यांना कळणारा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. शिवार १,००० हेक्टरचं आणि पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर वर्षाचं पाणी ७०० कोटी लिटर. हे कोडमध्ये असं दिसतं:

पाणी_लिटर = ७०००००००००

(इथं वाचायला सोपं जावं म्हणून मी देवनागरी अंक वापरतेय. पायथनमध्ये चलाचं नाव देवनागरीत चालतं, आकडा मात्र इंग्रजी अंकांतच टाकावा लागतो.)

सातापुढं नऊ शून्यं आहेत की आठ, हे बघायला स्क्रीनला बोट लावून मोजावं लागतं. एक शून्य कमी पडलं तर प्रोग्रॅम काही बोलत नाही. तो ७० कोटी धरतो आणि पुढचा सगळा ताळेबंद दहापट चुकतो. आकड्यात अंडरस्कोर (_) घालायची सोय पायथनमध्ये ३.६ पासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून आहे. जावात ती त्याच्याही आधी, २०११ च्या सातव्या आवृत्तीत आली. ॲडा भाषेत तर १९८३ च्या मानकातच होती. गो १.१३, पीएचपी ७.४, जावास्क्रिप्टचं २०२१ चं मानक, सगळीकडं आता आहे. तरी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून शिकवत नाहीत, म्हणून लेकरं लांबलचक शून्यं लिहीत राहतात.

माझा प्रश्न पुढचा आहे. अंडरस्कोर घालायचा कुठं? इंटरनेटवर दिसणाऱ्या सगळ्या उदाहरणांत तीन-तीन अंकांचे गट असतात:

७_०००_०००_०००

मी लेकरांना लाख-कोटीप्रमाणं शिकवते:

७_००_००_००_०००

भाषेला दोन्ही सारखंच. पायथनचा नियम एवढाच की अंडरस्कोर दोन अंकांच्या मधे हवा, सुरुवातीला-शेवटी नको, आणि लागोपाठ दोन नकोत. गट कितीचा हे तो विचारत नाही. मग ज्या माणसाला ग्रामपंचायतीच्या वहीशी कोडमधला आकडा ताडून बघायचाय, त्याच्या सोयीनं का तोडू नये? वहीत २५,००,००० आहे आणि कोडमध्ये २_५००_०००, तर ताडताना मनात एक जादा रूपांतर होतं. चूक तिथंच शिरते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची. पन्नास वाघिणींच्या गाडीत साधारण २५ लाख लिटर पाणी. मी लेकरांना तोच भागाकार करायला लावला:

खेप_लिटर = २५_००_०००
पाणी_लिटर // खेप_लिटर

उत्तर २,८००. एका गावच्या शिवारावर वर्षभरात पडणारं पाणी अशा २,८०० खेपांइतकं असतं, हे बघून वर्ग गप्प झाला. शून्यं चुकली असती तर २८० आलं असतं आणि कुणाला शंकासुद्धा आली नसती. अनुभवी लोकांचं मत हवंय.

गोदाकाठ

ताई, उदाहरण फार चांगलं आहे, पण मी तीनच्या गटाच्या बाजूनं बोलणार. मूळ नांदेडचा, नोकरी पुण्यात. आमच्या टीममध्ये निम्मे लोक भारताबाहेरचे. २५_००_००० बघितलं की त्यांना वाटतं टायपिंग चुकलंय, आणि रिव्ह्यूमध्ये पहिली कॉमेंट तीच येते. रस्ट भाषेचं कोड तपासणारं क्लिपी नावाचं साधन आहे, त्यात तर गट सारखे नसले की तक्रार करणारा नियमच आहे.

दुसरं कारण आउटपुटचं. पायथनमध्ये आकडा छापताना फॉरमॅटमध्ये कॉमा किंवा अंडरस्कोर मागितला तर तो दशमान आकड्याचे तीन-तीनचेच गट पाडतो. म्हणजे कोडमध्ये लाख-कोटी आणि लॉगमध्ये मिलियन. तुम्ही जे ताडायचं म्हणताय ते कोड आणि लॉग यांच्यातही ताडावं लागतंच की.

एका फाइलीत दोन पद्धती झाल्या तर त्यापेक्षा शून्यं मोजलेली परवडली. लेकरं उद्या कंपनीतच जाणार आहेत. सवय आत्ताच लागलेली बरी.

नाथसागर

मी पैठणचा, धरणाच्या साठ्याच्या आकड्यांचं काम करतो. आमच्याकडं कागदच वेगळा आहे, म्हणून लिहितो.

जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी, त्यात जिवंत साठा २,१७१ आणि मृतसाठा ७३८. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. आकडा मुळातच दशलक्षात येतो, त्यामुळं घनमीटरमध्ये लिहिताना २_१७१_०००_००० असं तोडलं की पहिले दोन गट वाचायचे आणि कागदावरचा २,१७१ समोर दिसतो. लाख-कोटीत लिहिलं तर २_१७_१०_००_००० होतं, आणि त्यात २,१७१ शोधावा लागतो. ताई, तुमचंच तत्त्व मी धरतोय, कागद दिसतो तसा आकडा तोडायचा. फक्त आमचा कागद दशलक्षाचा आहे.

आता एक गोष्ट जी शून्यं मोजण्यापेक्षा जास्त नडते. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. जायकवाडीचा जिवंत साठा घनमीटरमध्ये २१७ कोटी १० लाख. मर्यादेच्या थोडासाच वर! जावात कुणी हा आकडा पूर्ण लिहिला आणि पुढं एल (लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकाची खूण) लावायचं राहिलं तर कंपायलर तिथंच अडवतो, आकडा मोठा आहे म्हणतो. पण शून्यं टाळायची म्हणून बरेच जण असं लिहितात:

जिवंत_साठा = २१७१ * १००००००

यात दोन्ही आकडे छोटे आहेत. कंपायलर अडवत नाही. गुणाकार मर्यादेबाहेर जातो आणि हाती येतं उणे २,१२,३९,६७,२९६. भरलेलं धरण उणे साठा दाखवतंय! सगळा आकडा अंडरस्कोर घालून लिहिला असता तर चूक कंपायलरनंच धरली असती. म्हणून मी अंडरस्कोरच्या बाजूनं आहे, गट कितीचा हा नंतरचा प्रश्न.

आणि एल लावताना कॅपिटलच लावा. छोटा एल बऱ्याच फाँटांत १ या अंकासारखा दिसतो, आणि लिटर-घनमीटरच्या आकड्यात शेवटी एक जादा १ दिसला तर वाचणारा फसतो.

बालाघाट

मी बीडला इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला आहे. एक विचारायचं होतं. सरळ कॉमाच का टाकत नाहीत? माझ्या रूममेटनं पायथनमध्ये रक्कम = २,५०,००० असं लिहिलं तर एरर आला नाही. पुढं बेरीज केल्यावर मात्र काहीतरी भलतंच म्हणायलंय.

मांजराकाठ

बालाघाट, एरर आला नाही तेच वाईट झालं. पायथनला कॉमा म्हणजे यादीतला विभाजक. त्यानं त्या ओळीतून तीन सुट्या आकड्यांचा गठ्ठा (टपल) बनवला: २, ५० आणि ०. शेवटचं ००० त्यानं शून्य म्हणून घेतलं. रक्कम २,५०,०७५ असती तर ०७५ वर अडकून एरर तरी आला असता, कारण पायथन ३ मध्ये शून्यानं सुरू होणारा असा आकडा चालत नाही.

सीमध्ये कंसात (२,५०,०००) लिहिलं तर कॉमा हा ऑपरेटर ठरतो आणि शेवटची किंमत उरते, म्हणजे शून्य. जावास्क्रिप्टमध्ये लेट न लावता रक्कम = २,५०,००० लिहिलं तर रकमेत नुसते २ जातात. तीन भाषा, तीन वेगळी उत्तरं, आणि बरोबर एकही नाही. रूममेटला सांग, कॉमाच्या जागी अंडरस्कोर टाक, बाकी काही बदलू नको.

अजिंठा_डोंगर

शून्यानं सुरू होणाऱ्या आकड्यांचा विषय निघालाच आहे तर हे बघा, आपल्याकडचंच उदाहरण आहे. एसटीडी कोड. छत्रपती संभाजीनगरचा ०२४०, नांदेडचा ०२४६२, लातूरचा ०२३८२. सी किंवा जावात हे आकडे म्हणून लिहिले तर सुरुवातीच्या शून्यामुळं ते अष्टमान, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांच्या पद्धतीतले, समजले जातात. संभाजीनगर होतं १६०. नांदेड होतं १,३३०. आणि लातूरच्या कोडमध्ये ८ आहे, तो अष्टमानात नसतोच, म्हणून तिथं कंपायलर एरर देतो.

जावास्क्रिप्टच्या जुन्या, ढिल्या मोडमध्ये तर याहून गोंधळ. नांदेड अष्टमान धरलं जातं आणि ८ दिसल्यामुळं लातूर दशमान. एकाच यादीतली दोन गावं दोन पद्धतीनं वाचली जातात!

असल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते. एसटीडी कोड, पिनकोड, आधार, बँकेचा खाते क्रमांक, हे सगळं अवतरणात मजकूर म्हणून ठेवा. खाते क्रमांक १८ अंकी असू शकतो. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढं प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही, शेवटचे अंक बदलतात. खातेदाराच्या क्रमांकात शेवटचा अंक बदलणं म्हणजे काय ते सांगायला नको. तिथं अंडरस्कोर घालूनही उपयोग नाही.

दुधना

डेटाबेसवाल्यांसाठी एक इशारा. पोस्टग्रेसमध्ये अंडरस्कोरचे आकडे सोळाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून चालतात. सरकारी आणि सहकारी कार्यालयांतल्या सर्व्हरवर जुन्या आवृत्त्या अजून चालू असतात. चौदाव्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीत

सिलेक्ट २५_००_०००

अशी क्वेरी दिली तर एरर येत नाही. उत्तर येतं २५. उरलेला _००_००० हा भाग त्यानं कॉलमचं नाव म्हणून घेतलेला असतो. पंधराव्या आवृत्तीनं हे बंद केलं, तिथं सरळ एरर मिळतो. पायथनची सवय घेऊन क्वेरी लिहिणाऱ्यांनी आधी आवृत्ती बघावी.

बाहेरून मजकूर म्हणून आलेल्या आकड्यांचंही तसंच. पायथनचं इंट "२५_००_०००" हा मजकूर नीट वाचतं, देवनागरीतलं "२५"सुद्धा वाचतं. जावाचं पार्सइंट अंडरस्कोर बघून एक्सेप्शन फेकतं. जावास्क्रिप्टचं पार्सइंट गुपचूप २५ देतं. फाइलींच्या प्रकारांत जेसनमध्ये अंडरस्कोर चालत नाही, टॉमलमध्ये चालतो. म्हणून माझा नियम: अंडरस्कोर फक्त माणसानं हातानं लिहिलेल्या कोडमध्ये. फाइलीत किंवा नेटवर्कवरून जाणाऱ्या आकड्यात कधीच नाही.

तेरणा

मी धाराशिवकडचा. मांजराकाठ ताईंच्या ७_००_००_००_००० बद्दल बोलायचंय, कारण मला वाटायलंय की मुद्दा तिथंच आहे.

ताई, हा आकडा तुम्ही तोंडानं कसा वाचता? "सातशे कोटी." तुम्ही पहिल्या पोस्टमध्येही ७०० कोटीच लिहिलंय. पण तुमचा अंडरस्कोर सातानंतर पडतो, म्हणजे डोळा आधी "सात" वाचतो आणि मग अब्ज. शाळेत एकं, दहं, शतं करत अब्ज, खर्व, निखर्वापर्यंत पाठ केलेलं असतं, पण गावात, बँकेत, बजेटमध्ये कोटीच्या वर कुणी जात नाही. पुढं शंभर कोटी, हजार कोटी, लाख कोटी असंच मोजतात. मग आकडाही तसाच तोडा:

७००_००_००_०००

कोटीपर्यंतचे सात अंक दोन-दोन-तीन असे आणि त्याच्या डावीकडं पुन्हा नव्यानं मोजायला सुरुवात. जायकवाडीचा एकूण साठा लिटरमध्ये काढा. २,९०९ दलघमी म्हणजे दोन लाख नव्वद हजार नऊशे कोटी लिटर. नेहमीच्या दोन-दोनच्या गटात तो असा येतो:

२९_०९_००_००_००_०००

यात "दोन लाख नव्वद हजार" कुठं दिसतंय का? आणि असा तोडला तर:

२_९०_९००_००_००_०००

डावीकडचं २,९०,९०० आणि उजवीकडं कोटीची सात शून्यं. वर्तमानपत्रात छापतात तसाच. पायथन, जावा, रस्टचा कंपायलर, कुणीच याला नाही म्हणत नाही.

मांजराकाठ

तेरणा, हे पटलं. उद्याच वर्गात हेच घेते. ७००_००_००_००० बघताक्षणी वाचता येतंय, आधीचं येत नव्हतं. छापील कॉमांची पद्धत मी कोडमध्ये जशीच्या तशी आणली होती, पण माणूस बोलताना कोटीपाशी थांबतो.

गोदाकाठ, तुमच्या टीममध्ये तीनचाच गट बरोबर आहे, कारण तिथले वाचणारे मिलियनमध्ये विचार करतात. माझ्या वर्गातले आणि ग्रामपंचायतीतले वाचणारे करत नाहीत. लेकरं कंपनीत गेली की तिथली रीत एका दिवसात शिकतील. पण गावाच्या हिशेबाचा कोड गावातल्या माणसाला वाचता आला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

गोदाकाठ

वाचणारा कोण हे आधी ठरवायचं, एवढं मान्य. मग आणखी एक पर्याय सुचवतो, यात गटाचा वादच उरत नाही. वर दोन स्थिरांक ठेवा:

लाख = १००_०००
कोटी = १०० * लाख

आणि खाली

पाणी_लिटर = ७०० * कोटी
खेप_लिटर = २५ * लाख

सरपंचांनाही वाचता येईल आणि माझ्या परदेशी सहकाऱ्यालाही वरच्या दोन ओळी बघून कळेल. फक्त लाखासाठी ई वापरून १ई५ लिहू नका. पायथनमध्ये तो दशांश आकडा होतो, १०००००.० असा, आणि रेंजला दिला की एरर येतो. १०**५ चालेल, तो पूर्णांक राहतो. जावात हे करायचं तर लाख आणि कोटी दोन्ही लाँग घ्या, नाहीतर नाथसागर म्हणाले तसा उणे साठा यायचा.

आउटपुटचंही बघितलं. जावास्क्रिप्टमध्ये टू-लोकेल-स्ट्रिंगला भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं तर १२,३४,५६७ असे गट येतात, आणि मराठी लोकेल दिलं तर अंकही देवनागरीत येतात. पायथनमध्ये बेबेल लायब्ररी भारतीय गट पाडून देते. जावाच्या स्वतःच्या डेसिमलफॉरमॅटमध्ये मात्र दोन-दोनचा पॅटर्न देऊनही उपयोग होत नाही, तो शेवटचा गट बघून सगळीकडं तीनच पाडतो. तिथं आयसीयू नावाची लायब्ररी घ्यावी लागते. म्हणजे लॉगबद्दलचा माझा आक्षेप निम्मा तरी मिटतो.

तेरणा

७०० * कोटी सुरेखच. पण २,५०,०७५ सारखा सुटा आकडा आला की पुन्हा अंडरस्कोर लागणारच. दोन्ही शिकवा.

दशांशाचंही सांगून ठेवतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५. लोक बोलताना "एक पॉइंट पाच" म्हणतात आणि भरणारा १.५ भरतो, म्हणजे एक हेक्टर पन्नास आर. पंचेचाळीस आरचा फरक, एकरापेक्षा जास्त जमीन! यावर अंडरस्कोरचा इलाज नाही. क्षेत्र आरमध्येच पूर्णांक ठेवा: १०५. पैशाचंही तेच, पैशांत पूर्णांक ठेवायचा आणि शेवटचे दोन अंक वेगळे दिसतील असा तोडायचा. दहा हजार रुपये म्हणजे १०_०००_००. रुपये कुठं संपतात ते दिसतं.

बालाघाट

सगळ्यांचे आभार. रूममेटचं काम झालं. पण आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी++ च आहे. त्यात अंडरस्कोर टाकला तर एरर यायलाय. ताईंचा ताळेबंद मला तिथंच करून दाखवायचाय, सबमिशन आहे. काय करू?

नाथसागर

सी++ मध्ये अंडरस्कोर कधीच नव्हता. तिथं २०१४ च्या मानकात एकेरी अवतरणचिन्ह आलं, २५'००'००० असं. अंडरस्कोर घेता आला नाही कारण २०११ पासून आकड्याला स्वतःचे प्रत्यय लावता येतात आणि ते प्रत्यय अंडरस्कोरनंच सुरू होतात. सीच्या २०२३ च्या मानकातही अवतरणचिन्हच घेतलंय. टर्बो या सगळ्याच्या कितीतरी आधीचा, त्याला यातलं काहीच समजत नाही.

पण तुझी खरी अडचण दुसरी आहे. टर्बोत इंट १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. तू १००० * ७०० लिहिलंस की तिथंच उत्तर उणे २०,८९६ येईल. लाँग घेतलास तरी तो २१४ कोटींवर संपतो आणि तुला ७०० कोटी हवेत.

म्हणून लिटर सोड. घनमीटरमध्ये कर. हेक्टर गुणिले मिलिमीटर गुणिले १०, एवढंच सूत्र. १००० आणि ७०० दोन्हींपुढं कॅपिटल एल लाव, म्हणजे गुणाकार पहिल्यापासून लाँगमध्ये होईल. उत्तर ७०,००,००० घनमीटर, लाँगमध्ये आरामात बसतं. दलघमीत सांगायचं तर ७. रेल्वेची खेपही घनमीटरमध्ये घे, २५ लाख लिटर म्हणजे २,५००.

बालाघाट

केलं सर. ७००००००, आणि खेपा २८०० आल्या. कोडमध्ये तोडता येत नाही म्हणून शेजारी कॉमेंटमध्ये "सत्तर लाख घनमीटर" लिहून ठेवलंय.